घरी बांधलेली कापडी कायाक कलते, डुलते, उलटते : सांगाड्याला हात लावण्याआधी काय तपासायचं

दरवर्षी दिवाळीनंतर पाणी निवळलं की ही तक्रार घेऊन कोणी ना कोणी माझ्याकडे येतं. कायाक म्हणजे एकट्याने आत बसून वल्ह्याने चालवायची लांबट, अरुंद होडी. लाकडाचा नाहीतर बांबूचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं कापड, वर रंगाचे तीन हात. कितीतरी रविवार त्यात गेलेले असतात. आणि पहिल्याच दिवशी बोट पाण्यात ठेवली की ती बसूच देत नाही. मालकाने निदानही आधीच केलेलं असतं : बुडाचा आकार चुकला, कापड फाडून बोट रुंद करायची.

थांबा. कात्री ठेवा खाली.

माझ्या पहिल्या बोटीचं मी हेच केलं होतं. तीन वेळा पाण्यात पडलो, घरी आलो, कापड उसवलं, बरगड्या काढल्या, बोट चार सेंटिमीटर रुंद केली आणि पुन्हा शिवली. दोन महिने गेले. बोट तरीही डुलतच राहिली, कारण दोष बैठकीत होता. कमरेला बरं वाटावं म्हणून मी सहा सेंटिमीटर जाडीची गादी घातली होती. ती काढली आणि बोट शांत झाली. ते दोन महिने दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

फायबरची बोट साच्यातून निघते, तिचा आकार ठरलेला असतो. कापडी बोटीचं तसं नाही. कागदावर काढलेला आकार वेगळा आणि पाण्यात माणूस बसल्यावर होणारा आकार वेगळा. कापड पाण्याच्या दाबाने आत जातं, बांधणीचे दोरे सैल होतात, सांगाडा पीळ खातो. म्हणून तपासणी नेहमी वरून खाली करायची : आधी माणूस आणि बैठक, मग कापड, मग सांगाडा, आणि अगदी शेवटी बुडाचा मूळ आकार.

पुढे जे शब्द येतील ते असे. वरच्या कडेने नाकापासून शेपटापर्यंत जाणाऱ्या दोन जाड पट्ट्या म्हणजे काठपट्ट्या. तळाच्या मधोमध जाते तो कणा. कणा आणि काठपट्टी यांच्या मध्ये, जिथे बूड वळून बाजू सुरू होते, तिथली पट्टी म्हणजे कोपरपट्टी. आणि या सगळ्यांना आडव्या धरणाऱ्या बरगड्या.

लक्षणं

नुसतं "डळमळते" म्हणून भागत नाही. एकाला काठावर उभं करा आणि मोबाईलवर समोरून, मग मागून चित्रीकरण करायला सांगा. मग यातलं काय होतंय ते ठरवा :

- रिकामी बोटच एका अंगाला कलून तरंगते.
- रिकामी सरळ असते, पण माणूस बसला की दर वेळी त्याच बाजूला कलते.
- दोन्ही बाजूंना भराभर हिंदकळते, वल्हं मांडीवर ठेवून क्षणभर बसता येत नाही.
- सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं ठीक, मग हळूहळू नाठाळ होत जाते.
- पाटावर बसल्यासारखी घट्ट वाटते, पण जरा जास्त कलली की काही न कळवता उलटते.
- नाक वर, शेपूट पाण्यात. वळताना जास्त डुलते.
- मार्चमध्ये उत्तम होती, पावसाळाभर ठेवल्यावर बिघडली.

पहिलं आणि शेवटचं लक्षण बहुतेक वेळा सांगाड्याकडे बोट दाखवतं. बाकीच्यांचं मूळ बव्हंशी फुकटात सापडतं.

तिसरं लक्षण दोष नसेलही

गुऱ्हाळाची काहील पुराच्या पाण्यात होडीसारखी वापरतात, हे आपल्याकडे नवं नाही. सपाट बूड, मोठा घेर. थोडी कलली की बुडालेल्या बाजूला पाण्याची उचल एकदम वाढते आणि ती परत सरळ होते. माणसाला विश्वास वाटतो. पण काठ पाण्याला टेकला की आत पाणी शिरतं आणि खेळ संपतो. याउलट नदीतला गोल ओंडका. त्यावर बसा, तो कुठल्याच बाजूला अडत नाही, नुसता फिरतो. कायाकचं बूड या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतं.

म्हणून स्थैर्याचे दोन भाग करावे लागतात. सरळ असताना बोट किती घट्ट वाटते ते पहिलं स्थैर्य. कलल्यानंतर किती वेळ धरून ठेवते ते दुसरं. सपाट बुडाला पहिलं भरपूर. किंचित निमुळतं, इंग्रजी व्हीसारखं बूड आणि वर बाहेर उघडत गेलेल्या बाजू असतील, तर सरळ असताना बोट चंचल वाटते. पण कलली की उघडलेली बाजू पाण्यात उतरते, पाणरेषेवरची रुंदी वाढते आणि बोट तिथे टेकते. ग्रीनलंडच्या शिकारी कायाक अशाच घाटाच्या. त्यांचं मापही अंगावरच घेत : लांबी साधारण तीन वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर), रुंदी कमरेइतकी अधिक दोन मुठी. म्हणजे तुमची कमर बसेल एवढीच जागा, आणि कमरेने बोट सांभाळायची. ती बोट हातांत वल्हं घेऊन वाढलेल्या माणसाची. पहिल्यांदा बसणाऱ्याला ती उलटायला निघाल्यासारखी वाटणारच.

परीक्षा सोपी आहे. कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या सोबत्याला शेपूट धरायला सांगा. तुम्ही कमरेतून बोट हळूहळू कलवा, छाती मात्र सरळ ठेवा. थोडं कलल्यावर बोट कशावर तरी टेकल्यासारखी थांबत असेल, तर बोट चांगली आहे. सवय व्हायला आठ-दहा वेळा पाण्यात जावं लागेल. गुडघे वरच्या कापडाखाली टेकवा, नजर नाकावर न ठेवता लांब ठेवा, कंबर सैल सोडा. अंग ताठ धरलं की तुमचं वरचं वजन बोटीबरोबर झुकतं, आणि मग चांगली बोटही उलटते. कलत असताना बोट कुठेच थांबली नाही, तर पुढच्या तपासण्या करा.

यातली कुठलीही चाचणी जीवनरक्षक जाकीट घातल्याशिवाय आणि सोबतीशिवाय करू नका. परवानगी असलेलं शांत तळं निवडा. जिथे केंदाळ आहे तिथे नको, पडल्यावर पाय अडकतात. पावसाळ्यात कोल्हापूरच्या पंचगंगेत तर नाहीच. तिथल्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे गावांसाठी आहेत. कायाकला त्याच्या कितीतरी खालचं वाहतं पाणीही पुरेसं वाईट. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी जागच्या जागी उलटं फिरत राहतं आणि त्यात सापडलेली वस्तू बाहेर पडत नाही.

आधी स्पंज फिरवा

"थोड्या वेळाने नाठाळ होते" या लक्षणाचं कारण बहुतेक वेळा आत साठलेलं पाणी असतं. दोन-तीन लिटर म्हणजे वजनाने काहीच नाही, म्हणून लोक सोडून देतात. पण ते पाणी बोट जिकडे कलेल तिकडे धावतं, आणि बोट परत उठायला बघते तेव्हा तेच वजन तिला खाली दाबून धरतं. पातळ थर जितका रुंद पसरेल तितकं हे वाईट, आणि कापडी बोटीत तळाला आडवा बांध नसतोच. स्पंजने पूर्ण कोरडी करा, पंधरा मिनिटं चालवा, पुन्हा बघा. पाणी परत आलं असेल तर शिवणीपाशी किंवा नाकाशेपटाच्या टोकांना गळती शोधा. बोट दोन स्टुलांवर ठेवून आत बादलीभर पाणी ओतलं की बाहेरून थेंब कुठे जमतो ते दिसतं.

बैठकीची उंची

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो, म्हणून जरा सविस्तर.

तालमीत उस्ताद पहिल्याच दिवशी पवित्रा शिकवतात : पाय फाकव, कंबर खाली घे. उभ्या माणसाला ढकलणं सोपं, खाली बसलेल्याला अवघड. बोटीचंही तेच. पायांतलं अंतर म्हणजे पाणरेषेवरची रुंदी आणि कमरेची उंची म्हणजे बैठक. लोक बोटीच्या रुंदीसाठी महिने घालवतात आणि कंबर मात्र गादीवर उचलून ठेवतात.

आकड्यांत सांगतो, ढोबळ आहेत पण दिशा बरोबर आहे. बोट साडेचार मीटर लांब, पाणरेषेवर ५५ सेंटिमीटर रुंद, २० किलोची, आत ८० किलोचा माणूस. बैठक कण्याजवळ असेल, तर स्थैर्यासाठी हाताशी असलेली उंची, म्हणजे बोट ज्या बिंदूभोवती डुलते तो बिंदू आणि एकूण वजनाचा गुरुत्वमध्य यांतलं अंतर, बारा सेंटिमीटरच्या आसपास येतं. आता पाच सेंटिमीटरची गादी घाला. माणूस पाच सेंटिमीटर वर गेला, एकूण गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर वर गेला. बारातले चार गेले. एका गादीने एक तृतीयांश स्थैर्य संपलं.

म्हणून पट्टी घ्या आणि कण्याच्या वरच्या बाजूपासून तुमच्या बुडाखालच्या पृष्ठभागापर्यंत मोजा. दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर गादी काढून एक सेंटिमीटरच्या फोमवर बसून बघा. योगासनाच्या चटईचा तुकडा चालतो. एक काळजी मात्र घ्या : फोम सरळ कापडावर नको, बरगड्यांवर टेकलेल्या पातळ फळीवर हवा. नाहीतर तुमचं वजन कापडावर येतं, तळ फुगून खाली येतो आणि शिवण ताणते.

पाठ दुखते म्हणून उंच बसणारे मला नेहमी भेटतात. त्यांना मी बैठक उचलायला देत नाही. पाठीला रुंद पट्टा लावून देतो आणि पाय टेकवायची आडवी काठी जवळ आणतो. बहुतेकांचं दुखणं त्याने कमी होतं.

बैठकीची जागा

नाक आणि शेपूट या दोन्ही ठिकाणी, कण्यापासून सारख्या उंचीवर, रंगीत चिकटपट्टी लावा. माणूस बसल्यावर काठावरून फोटो काढा. शेपटाकडची पट्टी बुडाली आणि नाकाकडची खूप वर राहिली, तर बोट मागे बसली आहे. अशा वेळी रुंद मधला भाग नीट पाण्यात नसतो, अरुंद शेपूट वजन पेलतं, आणि स्थैर्य जातं. बैठक दोन-दोन सेंटिमीटर पुढे सरकवत पट्ट्या सारख्या होईपर्यंत बघा.

माणूस बसल्यावर एकाच बाजूला कलत असेल तर बैठक कण्यावर मधोमध आहे का ते दोन्ही काठपट्ट्यांपासून मोजा. मग माणसाच्या जागी २५ किलोची तांदळाची दोन पोती, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, अगदी मधोमध ठेवा. पोती ठेवल्यावर बोट सरळ राहिली तर कल बसणाऱ्याच्या अंगात आहे. एका कुल्ल्यावर जास्त भार देऊन बसणारे बरेच असतात. पोत्यांनीही कललीच, तर पुढे चला. पण पोत्यांनी "बोट घट्ट आहे" असा निष्कर्ष काढू नका. पोती तळाला लागून असतात, माणूस तसा नसतो.

कापड

इथून पुढे थोडा खर्च आणि वेळ लागतो.

बोट अर्धा तास पाण्यात ठेवून बाहेर काढा, आणि कोरडी व्हायच्या आत कोपरपट्टी आणि काठपट्टी यांच्या मधलं कापड दोन्ही बाजूंना अंगठ्याने दाबा. कोरडं कापड तपासून काही कळत नाही. नायलॉन ओलं झालं की पाणी शोषून सैल पडतं, वाळलं की पुन्हा ताणतं. अंगणात ढोलकीसारखं वाजणारं नायलॉन तळ्यात लोंबू शकतं. सुती कॅनव्हास उलट ओला झाल्यावर आवळतो. पॉलिएस्टर दोन्हीत फारसं बदलत नाही, म्हणून आपल्या हवेत मी तेच सुचवतो.

याचा आकाराशी संबंध असा : पाणरेषेजवळचं सैल कापड दाबाने आत जातं, आणि तिथली खरी रुंदी कमी होते. रुंदीचा परिणाम घनाच्या प्रमाणात असतो. ५५ ची ६० झाली तर रुंदी नऊ टक्के वाढते, पण पाणरेषेच्या आकारातून मिळणारा आधार सुमारे ३० टक्के वाढतो. उलट दिशेलाही हिशोब तोच. दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर कापड आत गेलं, तर कागदावरची बोट आणि पाण्यातली बोट यांत जाणवण्याइतका फरक पडतो. आणि एकच बाजू सैल असेल तर बोट त्या बाजूला कलते.

उपाय कापडावर अवलंबून. रंग न दिलेलं पॉलिएस्टर इस्त्रीने आक्रसतं, साधारण १२० ते १७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान. आधी तुकड्यावर करून बघा आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने इस्त्री फिरवा, नाहीतर तुम्हीच सांगाडा पिळाल. रंगाचे थर बसल्यावर इस्त्री नको. तेव्हा वरची मधली शिवण उसवून, कापड ओढून पुन्हा शिवणं हाच रस्ता. नायलॉन ओलं करून, जोराने ताणून शिवावं. ट्रकच्या ताडपत्रीला ताण शिवतानाच द्यावा लागतो, नंतर ती ऐकत नाही. जाहिरातीचा जुना फ्लेक्स फुकट मिळतो म्हणून वापरू नका. शिवणीच्या भोकांपाशी फाटतो, आणि तो फाटायचा क्षण तुम्ही पाण्याच्या मध्यावर असता.

कापड उसवायचं नसेल तर आणखी एक मार्ग आहे. घडीच्या बोटी बनवणाऱ्यांनी काठपट्टीखाली दोन्ही बाजूंना लांब हवेच्या नळ्या घालायची पद्धत रूढ केली. बोट जोडून झाल्यावर नळ्या फुगवल्या की कापड आतून ताणतं आणि बाजूही थोड्या भरतात. घरच्या बोटीत दोन लांब फुगवता येणाऱ्या पिशव्या, सारख्या दाबाने, हेच काम करतात. शिवाय बोट उलटली तर ती बुडत नाही.

सांगाड्याचा पीळ

पावसाळ्यानंतर बिघडलेली बोट घेऊन कोणी आलं की मी आधी विचारतो, ठेवली कशी होती? भिंतीच्या दोन खुंट्यांवर, एक खुंटी वर एक खाली. किंवा गोठ्याच्या माळ्यावर, नाक एका वाशावर आणि शेपूट दुसऱ्यावर तिरकं. चार महिन्यांची दमट हवा आणि तिरका आधार एवढं पीळ बसायला पुरतं.

दोन सरळ, सारख्या जाडीच्या काठ्या घ्या. एक पुढे, एक मागे, काठपट्ट्यांवर आडव्या ठेवा. मागे बसून एक डोळा मिटून बघा. दोन्ही काठ्यांच्या वरच्या कडा एकमेकींवर जुळल्या पाहिजेत. एक बाजू वर दिसली तर पीळ आहे. पाणसळ ठेवूनही हे कळतं, पण डोळा जास्त खरा सांगतो. नाकाच्या आणि शेपटाच्या टोकावरून ओळंबा सोडला की कणा सरळ रेषेत आहे का तेही दिसतं.

पिळामुळे एका बाजूची कोपरपट्टी खोल जाते आणि दुसरी वर राहते. म्हणजे एका बोटीला दोन वेगळी बुडं होतात, आणि म्हणूनच ती रिकामीही कलते. बैठकीखाली उशी घालून हे झाकू नका. कापड वरून उसवा, बरगड्या आणि पट्ट्या यांच्या बांधण्या एकेक करून हलवून बघा. सैल झालेल्या कापून, चामड्याच्या कामाचा मेणदोरा घेऊन पुन्हा बांधा. बांधायच्या आधी पिळाच्या उलट दिशेने कर्णात दोरी ओढून, सरळपेक्षा किंचित पुढे नेऊन ठेवा, कारण दोरी सोडल्यावर सांगाडा थोडा मागे येतोच. बांबू असेल तर घुणाची पिवळी भुकटी शोधा. भुकटी सापडलेली पट्टी बदला, औषध मारून भागवू नका.

आता बुडाचा आकार

इथवर सगळं ठीक निघालं, तरच.

मधल्या तीन बरगड्यांपाशी बाहेरून मऊ जाड तार बुडाला चिकटवून वाकवा आणि ती जशीच्या तशी पुठ्ठ्यावर उतरवा. तीन गोष्टी बघा. दोन कोपरपट्ट्यांमधलं अंतर फार कमी आहे का? कणा कोपरपट्ट्यांपेक्षा फार खाली आहे का, म्हणजे व्ही फार खोल आहे का? आणि बाजू वर उघडतात की उभ्या आहेत? पहिल्या दोहोंनी पहिलं स्थैर्य जातं. उभ्या किंवा आत वळलेल्या बाजूंनी "काही न कळवता उलटते" हे लक्षण येतं, कारण कलल्यावर पाण्यात उतरायला जास्तीची रुंदी उरलेलीच नसते.

लांबीकडेही बघा. कणा केळ्यासारखा फार वाकलेला असेल तर टोकं पाण्याबाहेर राहतात, आणि कागदावर साडेचार मीटरची बोट पाण्यात साडेतीनचीच भरते.

दुरुस्ती करायचीच तर काठपट्ट्यांना हात न लावता फक्त कोपरपट्ट्या दीड-दोन सेंटिमीटर बाहेर आणि थोड्या खाली घ्या. त्यासाठी मधल्या बरगड्या नव्या वाफवून वाकवाव्या लागतात आणि कापड पूर्ण नवं लागतं. हे काम मी फार क्वचित सुचवतो. त्याआधी विचारतो, ही बोट किती वजनाच्या माणसासाठी आखली होती? ६० किलोच्या मापाने काढलेल्या बोटीत ९५ किलोचा माणूस बसत असेल तर ती चुकलेली नाही, ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. घरातल्या हलक्या माणसाला द्या आणि स्वतःसाठी स्वतःच्या मापाची बांधा.

कुठे थांबायचं

काठपट्टीला लांबीत चीर गेली असेल, कणा तडकला असेल, किंवा दोन काठपट्ट्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांचे खाचेतले सांधे हाताने हलत असतील, तर पाण्यात उतरू नका आणि स्वतः फेव्हिकॉल भरत बसू नका. चाचणीच्या काठ्यांमध्ये दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल आणि बांधण्या मोकळ्या करूनही सांगाडा सरळ येत नसेल, तर लाकूडच वळलं आहे. साधा फर्निचरचा सुतार अशा वेळी पट्टी सरळ करून देतो, पण बोट सरळ करून देत नाही. त्याची सवय काटकोनाची असते आणि बोटीत काटकोन सापडत नाही. घाट उतरून मालवण-देवगडकडे होड्या बांधणारे सुतार आहेत. कायाक त्यांनी पाहिलेली नसेल, तरी कण्यावर डोळा टेकवून पीळ कुठून सुरू होतो ते त्यांना दिसतं. कापड काढून नुसता सांगाडा न्या. टपावर बांधताना तो तीन ठिकाणी टेकवा, नाहीतर घाटातच नवा पीळ बसेल.